शेवटचं कडवं

स्पृहाला घरापासून कॉलेजपर्यंत सायकलनं नऊ मिनिटं लागायची आणि तेवढ्यात मागून येणारी दोन पोरं तेच गाणं शिट्टीवर दोनदा पूर्ण करायची. गाणं जुन्या सिनेमातलं. त्यात नायक नायिकेच्या सायकलमागे फिरत राहतो आणि शेवटच्या कडव्याला ती वळून हसते. सगळ्या राळेगावाला तो प्रसंग पाठ होता. आज ती पोरं थेट घराच्या गल्लीत आली, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबा, आत्ताच्या आत्ता माझ्यासोबत पोलीस ठाण्यात चला."

गाणं कोणतं ते ऐकून कमलाकररावांनी खुशीत मांडीवर थाप मारली. "अवं, हेच गाणं म्हणत मी तुह्या आईच्या सायकलमागं सहा महिने फिरलो! शेवटी हसलीच ना ते? पोरं हायेत, कायले एवढी तापून राह्यली?"

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. स्पृहाची आई सुचित्रा बाहेर आली आणि तिनं पायात चपला सरकवल्या.

"मी हसली नव्हती. मीही माह्या बाबाले ठाण्यात चला म्हटलं होतं, त्यायनं बदनामी नको म्हणून तुमच्याशी लग्न लावून देल्लं."