पहिल्याच फेरीत

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, इंजिनातल्या ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवली, उजेडात धरली आणि समाधानाने मान डोलावली. डिकीवाली ती छोटी गाडी विकायला काढलेले शिंपीकाका शेजारीच उभे होते. विकणाऱ्याचा चेहरा अशा वेळी खुलतो. काकांचा पडला.

मग फेरी झाली. गाडी घ्यायला आलेलं जोडपं पुढे, काका आणि मेकॅनिक मागे. चढावर गिअर कधी टाकायचा यावरून नवराबायकोची जुंपली आणि वळण येईपर्यंत मिटलीही. बायकोने मागे वळून विचारलं, सीटची कव्हरं इतकी सुबक कोणी शिवली? झालं. काकांनी पार दोऱ्यापासून सुरुवात केली. घरी भिंतींशी बोलून कंटाळलेला माणूस तो. आपलं कोणीतरी ऐकतंय, मग ते थांबतात कुठले.

परत आल्यावर ती दोघं फाटकाशी जाऊन कुजबुजू लागली. चेहऱ्यांवर होकार स्पष्ट दिसत होता. आता गाडी जाणार, आणि तिला बघायला येणाऱ्यांमुळे रविवारी दार वाजत होतं तेही थांबणार. काका मेकॅनिकजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, की गिअर बदलताना आवाज येतो, तेवढं त्या दोघांच्या कानावर घाला.

आपल्याच मालाला नावं ठेवणारा विक्रेता शोधून सापडायचा नाही. मेकॅनिकला मात्र हा दुसऱ्यांदा भेटत होता.

“काका, मागच्या गिऱ्हाइकाबरोबरही मीच आलो होतो. तेव्हा तुम्ही म्हणालात, चाकातून आवाज येतो. मी चाक खोलून बघितलं, काही नव्हतं. तुम्हाला गाडी विकायची नाहीये का?”

“विकायची आहे हो. डोळ्यांनी दगा दिलाय, ठेवून करू काय? पण येईल त्याला ती पहिल्याच फेरीत का पसंत पडावी?”

मेकॅनिकने फडक्याला हात पुसले. मग त्याने जोडप्याला हाक मारून सांगितलं, की गाडी ठणठणीत आहे, डोळे मिटून घ्या. पण त्याआधी तलावापर्यंत एक लांबची फेरी मारून आलेलं बरं.

ती दोघं गाडीपाशी पोचली, तेव्हा काका मागच्या सीटवर बसून पट्टा लावत होते.