वाटेवरची लाईन

संस्कृती वाटेच्या कडेला उभी राहिली आणि तिनं हात वर केला. पाहुण्यांची गाडी करकचून थांबली. बंपर आणि लाईन यांच्यात वीतभर अंतर उरलं.

मासे धरायची ब्रेडेड, विणलेली लाईन. हिरवी, सुतळीपेक्षा बारीक, पण चांगला दांडगा मरळ ओढून काढणारी. तिचं एक टोक संस्कृतीच्या हातातल्या रिळावर होतं. दुसरं पार पलीकडं, ऊस तुटून गेलेल्या रानातल्या विजेच्या डांबाला बांधलेलं. मध्ये वस्तीवर यायची वाट. वाटेवर गुडघाभर उंचीला ताणलेली लाईन.

मानसिंग ओसरीवरून धावत आला. पांढरीशुभ्र कापडं, कपाळाला गंध. मुलीला बघायला माणसं यायची होती ती आली होती, आणि मुलगी अशी.

"गुंडाळ ते आधी!"

"गुंडाळतीयच की, आप्पा."

"लवकर!"

"लवकर गुंडाळली तर सैल बसती. सैल बसली की फेकताना आत रुतती आन् मासा लागल्यावर तुटती. पाच मिनिटं. मी गुंडाळत गुंडाळत पलीकडं गेले की वाट मोकळी."

गाडीची काच खाली आली. आत नवरा मुलगा ऋषिराज, आणि शेजारी त्याची आत्या अक्काबाई. लोणी भापकरच्या त्या घरात सून पसंत करायचं काम आत्याचं, हे मानसिंगला ठाऊक होतं. तो हसायला लागला. त्या हसण्याला काही अर्थ नव्हता.

"मानसिंगराव, बघायची ती पोरगी हीच का?" अक्काबाईनं विचारलं.

"हीच. म्हंजी आज जरा..."

"तुमी तर म्हणालात, पोरगी घराच्या भाईर पाऊल टाकत न्हाय."

मानसिंग काही बोलायच्या आत संस्कृती बोलली. "टाकती की, आत्या. रोज पहाटं नदीला असती. आज लाईन उलटी करायची होती म्हणून घरी घावले."

ऋषिराज फिसकन हसला. आत्यानं बघितलं तसा गप्प झाला.

"मासं धरती?" अक्काबाईनं नाकाला पदर लावला. मासा जणू गाडीतच होता. "पाटलाच्या घरात कोळ्याचं काम?"

"कोळ्यास्नी येतं तेवढं कुठं येतंय मला अजून."

"संस्कृती!" मानसिंग ओरडला.

"काय चुकलं, आप्पा? रविवारी ताटात दोन तुकडं जास्तीचं मागता तुमी. तवा न्हाय आठवत पाटीलकी?"

ऋषिराज गाडीतून उतरला. लाईनीजवळ येऊन त्यानं वाकून पाहिलं. तिच्या हाताजवळची लाईन पांढरट पडलेली, दगडांना आणि बाभळीच्या मुळ्यांना घासून तिला बारीक कुसं आलेली.

"एवढी खराब झालीय तर टाकून द्यायची ना," तो म्हणाला. "नवी मिळती की."

"ही नवीच हाय. पुढची झिजली फकस्त. मागची अजून पाण्यात गेलीच न्हाय, रिळाच्या तळाला नुसती दबून होती. म्हणून झिजलेली खाली घालायची आन् ती वर आणायची."

दारात तिची आई मनिषा उभी होती. डोक्यावर पदर, हाताला पीठ. तिनं हे ऐकलं. लाईन कुठवर गेलीय ते ती डांबापर्यंत बघत राहिली.

मानसिंग गोठ्यात गेला. परत आला तो विळा घेऊनच. आला तसा विळा त्यानं लाईनीला लावला.

"मधी कापू नका, आप्पा. दोन तुकडं झालं की कशाच्याच कामाची न्हाय ती."

"कशाच्याच कामाची ऱ्हाऊ नये म्हणूनच कापतोय! नदीचा नाद सुटंल. आजपासनं नदी बंद. इज्जत वाटंवर मांडलीस माझी."

संस्कृती रीळ घेऊन जागेवरच उभी राहिली. तिनं लाईन ढिली सोडली नाही.

मनिषा ओसरी उतरली. चप्पल न घालता तशीच वाटेवर आली. विळ्याच्या पात्यापुढं तिनं लाईन मुठीत धरली.

"कापा," ती म्हणाली.

"हात काढ."

"कापा की. हात मधी हाय, एवढंच."

मानसिंगनं गाडीकडं बघितलं. बायकोकडं बघितलं. बावीस वर्षांत ती त्याच्याशी चार माणसांत बोलली नव्हती. विळा हळूच खाली आला.

मनिषानं त्याच्याकडं बघितलंच नाही. लेकीला विचारलं, "कसं धरायचं गं?"

"हे वलं फडकं घे. त्यात धर, दाबून. तुझ्या मुठीतनं वढून निघाली पायजे, म्हंजी रिळावर घट्ट बसती."

"अशी?"

"अजून घट्ट, आई."

रीळ कुरकुरायला लागलं. फडक्यातून पाणी ठिबकत होतं. पुढं मनिषा, मागं संस्कृती, दोघी गाडीच्या बॉनेटसमोरून चालत वाट ओलांडून पलीकडच्या रानात उतरल्या. वाट मोकळी झाली.

"आत्या, गाडी आत घेऊ का?" ऋषिराजनं विचारलं. अक्काबाईचा पदर नाकावरून कधीच खाली आला होता. ती रानाकडं बघत होती.

तेवढ्यात घरातून करपल्याचा वास आला.

"अगं ए!" मानसिंग वाटेवरून ओरडला. "दूध उतू चाललं! पाव्हण्यांच्या चहाचं दूध!"

मनिषानं मान वळवली नाही.

"मग काढा की खाली," ती म्हणाली, आणि फडक्यावरची मूठ तिनं आणखी आवळली.