धरलेली ओळ

“पहिली ओळ पुन्हा म्हणा बघू,” कृष्णकांतराव म्हणाले.

कनकानं म्हटली, “कावेरीच्या वाळूवरी चांदणें कोणी सांडिलें.”

कृष्णकांतरावांनी डोळे मिटून ती ऐकली आणि मग नकारार्थी मान हलवली. “काढून टाका. फारच जुनाट. आजकाल ‘सांडिलें’ कोण म्हणतं?”

“सरि सार, काढतें.”

चेन्नईच्या टी. नगरातल्या एका मराठी मंडळाची ती खोली. कृष्णकांतराव मूळचे पुण्याचे, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात अधिकारी. नावावर एक कवितासंग्रह होता आणि मंडळाचं संक्रांतीचं कविसंमेलन त्यांच्या मुठीत होतं. कोण वाचणार, कोण नुसतं ऐकणार, ते तेच ठरवत.

कनका मैलापूरच्या शाळेत गणित शिकवायची. तिचं घराणं तंजावरचं, बोली जुन्या वळणाची, मधूनमधून तमिळ मिसळलेली. तिनं तोंड उघडलं की मंडळातली पुण्या-मुंबईकडची मंडळी रुमालाआड हसायची. त्याच मंडळींसमोर उभं राहून तिला एकदा स्वतःची कविता म्हणायची होती. त्यासाठीच ती पावसाळाभर दर शनिवारी गळक्या छत्रीतून इथं यायची.

कविता करायची रीत तिला त्रिपुरसुंदरी आत्यानं शिकवली होती. “आधीं एक ओळ धर,” आत्या सांगायची. “तिच्या चालींत तुझें बांध. बांधून झालें, की धरलेली सोड.” म्हणून कनकाची प्रत्येक कविता अशा एखाद्या ओळीवर उभी असे. आणि कृष्णकांतराव नेमकी तीच काढायला सांगत. कनकाला त्याचं वाईट वाटत नसे. धास्ती वेगळीच होती. आधार काढल्यावर आपलं काही उभं राहतं का?

पुढच्या कवितेच्या वेळीही तेच झालं. “वेंचाया आलीं पांखरें, पंखांखालीं त्यांनीं नेलें” ही ओळ त्यांनी दोनदा म्हणायला लावली आणि मग काढायला सांगितली.

“कविता म्हणजे काढून टाकणं,” ते म्हणाले. त्यात तथ्य होतं, हे कनकालाही पटलं.

पाऊस ओसरता ओसरता तिनं शाळेच्या बसवरची कविता आणली. सुरुवातीला ओळ होती, “दिवा जाहला लहान, वारा दारीं विसांवला.”

या वेळी कृष्णकांतरावांनी ती ओळ स्वतःशीच पुटपुटून पाहिली.

“ही कुठं छापून आलीय?”

“छापून? नाहीं हो सार.”

“बरं. काढा. उरलेलं अगदीच साधं आहे, पण चालेल. संमेलनात शेवटी वाचा, माझ्यानंतर.”

कनकाला इतका आनंद झाला की छत्री तिथंच विसरून ती बसमध्ये चढली.

संक्रांतीला ती आत्याला आणि मैलापूरच्या ओळखीच्या सगळ्या तंजावरी बायकांना घेऊन आली. केसांत फुलं माळून त्या पुढच्या दोन रांगा अडवून बसल्या.

कृष्णकांतराव हसले. “यांना कळेल का हो माझी कविता?”

“कळेल की सार.”

तिळगूळ वाटून झाला. एकेक कवी वाचून खाली बसला. मग कृष्णकांतराव उठले, शालीचं टोक खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, “नवी कविता आहे. जरा जुन्या वळणाची, पण मला आतून सुचलेली.”

“कावेरीच्या वाळूवरी चांदणें कोणी सांडिलें...”

कनकाचे कान तापले. मागून “वाहवा” उठली. रुमालाआड हसणारेच आता माना डोलावत होते.

“वेंचाया आलीं पांखरें, पंखांखालीं त्यांनीं नेलें...”

टाळ्या पडल्या. कनकाला संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. यानंतर तिला उठायचं होतं, आपल्या साध्या उरलेल्या ओळी घेऊन. तिनं आत्याकडं पाहिलं. आत्याचा उजवा हात गुडघ्यावर हळूहळू मागं-पुढं होत होता.

“दिवा जाहला लहान, वारा दारीं विसांवला...”

कृष्णकांतराव थांबले. चौथी ओळ त्यांची स्वतःची होती. ती नीट ऐकली जावी म्हणून त्यांनी हात वर करून सभागृह शांत केलं.

त्या शांततेत पुढच्या दोन रांगांमधल्या सगळ्या बायका, हातात पाळण्याची दोरी असल्यासारख्या झुलत, एका सुरात गाऊ लागल्या, “नीज आतां राजसा रे, चंद्र तळ्यांत निजला...”