आशीर्वादातलं नाव

सोनाली गणपती मात्र फाडत नव्हती. प्रत्येक लग्नपत्रिकेवरचा गणपती ती हलक्या हातानं सोडवून बाजूला ठेवी आणि उरलेला लाल कागद टराटरा फाडी. चित्रकलेचा तास होता. नववीचा वर्ग फाडलेल्या कागदांचे प्राणी चिकटवत होता. कुणाचा बैल, कुणाची शेळी. सोनालीनं हरीण घेतलं होतं. लालभडक, चारी पाय जमिनीवरून सुटलेले.

"देवाला जपलंस, शाबास," मार्तंड सर म्हणाले. "पण एवढ्या कोऱ्या पत्रिका? लग्न मोडलं की काय कुणाचं?"

मागची पोरं हसली. सोनाली हसली नाही.

"मोडलं न्हाय सर. रविवारी हाय. माझंच." तिनं डिंकाचा हात ओढणीला पुसला. आवाज खाली गेला. "घरात होत्या तेवढ्या समद्या आणल्यात. वाटायला एकबी ठिवली न्हाय."

सर तिच्या बाकावर टेकले. चौदा वर्षांचं लेकरू. पत्रिकाच नसल्या तर लग्न होणार नाही, असं समजून बसलेलं. तालुक्याला, कळंबला, सांजेपर्यंत दुसऱ्या छापून मिळतात.

"तुझे अण्णा, हिंमतराव, माझ्या शेजारी टाळ धरून कीर्तनाला उभे राहतात," सर पुटपुटले. "अन् तुझ्या बापाला गावात कुणीच अडवलं न्हाय?"

सोनालीनं एक अख्खी पत्रिका पुढं केली.

"कोण अडवंल, सर? अण्णा म्हणले, सरांचाबी आशीर्वाद हाय."

शुभाशीर्वादात पहिलंच नाव होतं : ह.भ.प. मार्तंड गुरुजी.

सप्ताहाच्या काल्याला, प्रसाद घेताना हिंमतरावांनी विचारलं होतं, "पत्रिकेत तुमचं नाव घालू का?" सरांचे कान अजून कीर्तनातच होते. "घाला की," ते म्हणाले होते. लग्न कुणाचं, हे विचारलंच नव्हतं. गावातल्या निम्म्या पत्रिकांवर त्यांचं नाव असंच गेलं होतं. त्यांतल्या किती नवऱ्या दप्तर टाकून बोहल्यावर चढल्या, देव जाणे.

सर व्हरांड्यात गेले. बालविवाह रोखणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर त्यांनी फोन लावला. मुलीचं नाव, गाव, तारीख सांगितली. शेवटी स्वतःचं नावही सांगितलं.

"घाबरू नका," पलीकडची बाई म्हणाली. "तुमचं नाव आम्ही कुठंच येऊ देत नाही."

"येऊ द्या, ताई," सर म्हणाले. "लग्नाच्या बाजूनं ते आधीच छापलंय."