आईच्या फोटोतले डोळे

नातवाचं बारसं झालं त्याच वर्षी, २००३ मध्ये, आई गेली. हयातीतला फोटो एकही नव्हता आणि गेल्यावर काढलेल्या फोटोत डोळे मिटलेले. कोल्हापुरात स्टुडिओवाल्या सोमेशने माझ्या थोरल्या बहिणीचा, शिवगंगाआक्काचा फोटो काढून तिचे डोळे आईला बसवले. कार्य उद्यावर आलेलं आणि कॉम्प्युटर फोटो साठवून घेईना. डिस्क भरली होती.

“सगळी लोकांची लग्नं हायती. काय पुसू, काका?” सोमेश रडकुंडीला आला.

“माझा फोटो पूस की,” आक्का म्हणाली. “डोळं घेतलंस न्हवं? मी काय मेलीया व्हय? परत काढू.”



परत काढायचा राहूनच गेला. आईच्या फोटोला आता दोन हार घालतो. आक्का २००४ च्या श्रावणात वारली.