कच्चा रंग

"आधी बोट दाखव," निळे आबा म्हणाले. "मग मला शहाणपण शिकव."

घडीवालीने डाव्या हाताची तर्जनी त्यांच्या नाकासमोर धरली. नखाच्या मुळाशी ठसठशीत काळीनिळी रेघ होती.

"सकाळी सकाळी उरकून आले. आता तुमची पाळी."

रंगखान्यातली मंडळी हसली. आबांनी ओला तागा पिळला आणि दांडीवर टाकला. ही बाई घडी विभागातली. कोरड्या, स्वच्छ हातांनी कापडाच्या घड्या घालायचं तिचं काम. पण आज आबा कामावर आले तेव्हा ती रंगाच्या टाकीपाशीच उभी होती. युनियनने मतदानाचं काम गळ्यात घातल्यापासून तिला कुठलाच विभाग वर्ज्य राहिला नव्हता.

आबांचं दुखणं जुनं होतं. मागे एकदा ते मत द्यायला गेले, तर केंद्रावरच्या साहेबाने त्यांचे कोपरापर्यंत निळे हात पाहिले आणि "दोनदा मत देता होय?" म्हणून सगळ्या रांगेदेखत त्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून ते ती पायरी चढले नव्हते.

म्हणून या खेपेला घडीवालीने शक्कल काढली होती. साऱ्या रंगाऱ्यांना तिने रबरी टोपणं वाटली. आठवडाभर ती डाव्या तर्जनीवर चढवायची आणि शाईपुरतं एक बोट कोरं राखायचं. रंगखान्यात नुसती थट्टा चालली होती. "टोपडं तर घातलं, आता तीट लावायला कधी नेताय?" आबांनीही टोपण घातलं, पण ते तिची कटकट टळावी म्हणून.

"ती पाळणाघरवाली उमेदवार जिंकली काय नि पडली काय," आबा आता म्हणाले, "माझ्या घरात रांगतंय कोण?"

"तुमच्या नाही, आमच्या रांगतंय. ती पडली तर पाळणाघर पाडून तिथे गाड्या उभ्या करणार आहेत. माझ्या पोरीला कुठे ठेवू मग, ताग्यांच्या ढिगात?"

"तुझं मत तू दिलंस ना? मग झालं की."

"एकीने कुठे गाडं हलतं, आबा? चार-दोन मतांवर येऊन अडलंय."

"पूर्वरंग झकास झाला," आबा म्हणाले. "उत्तररंग जेवणाच्या सुट्टीत सांग."

"उत्तररंग तुम्हीच रंगवायचा. रंगारी तुम्ही."

यावर मात्र आबांनाही हसू आवरेना. पण आत कुठेतरी खुपतच होतं. स्वतःचं उरकून मोकळं व्हायचं आणि दुसऱ्याला उपदेश करत फिरायचं, याला काय लागतं? बरं, शाईच हवी ना हिला? देऊ शाई. म्हणजे तोंड तरी मिटेल.

जेवणाच्या सुट्टीत दोघं केंद्रावर गेली. घडीवाली फाटकापाशीच थांबली. पहारेकरी म्हणाला, "बाई, आत या की सावलीत." ती म्हणाली, "नको, इथेच बरी आहे मी." आणि उन्हातच उभी राहिली.

आत कुणी आबांना हटकलं नाही. उलट टेबलामागच्या बाईसाहेबांनी त्यांचं ते एकटं उजळ बोट पाहिलं, कौतुकाने हसल्या आणि शाई लावली. आबा मतपत्रिकेचा कागद घेऊन आडोशामागे गेले आणि लगोलग बाहेर आले.

"इतक्यात?" घडीवालीने विचारलं.

"आमचं काम हातासरशी असतं." आबांनी बोट नाचवलं. "आता तरी तोंड मिटशील?"

वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून ओंजळ धरतात, तसं तिने ते बोट दोन्ही हातांत धरलं. तिचे डोळे भरून आले होते. एवढ्याशा शाईचं केवढं हे अप्रूप, आबांना वाटलं.

परत आल्यावर त्यांनी सहज म्हणून बोट साबणाने घासून पाहिलं. शाई तसूभर हलली नाही. "अस्सल आहे," ते शेजारच्याला म्हणाले. "आपल्यासारखी तुरटी पिऊन बसलीय."

पाळी सुटली. पाळणाघराच्या नळावर घडीवाली आपल्या लेकीचे चिकट हात धूत होती. जाता जाता आबा थांबले. तिच्या हातांवरून निळसर फेस ओघळत होता. आबांचा जन्म रंगात गेला होता. तुरटी न लागलेला कच्चा रंगच असा साबणाला सुटतो.

फेस वाहून गेला. तिचं बोट लख्ख झालं.

"पोरी," आबा म्हणाले, "तुझी शाई गेली."

तिने हात पदराआड नेला. मग उगाच लपवायचं काय, असं वाटून पुन्हा बाहेर काढला.

"आबा, आम्ही दुसऱ्या देशातून आलेलो. युनियनला घाम चालतो. मताला इथलं नागरिक असावं लागतं. ते आम्ही अजून झालो नाही."

"मग सकाळी टाकीपाशी..."

"तुम्ही आधी बोट मागणार, हे ठाऊक होतं मला. न देता कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

तेवढ्यात पोर पुढे आली. तिने आपल्या ओल्या मुठीत आबांचं बोट धरलं. "आई, हे काय आहे?"

"आपलं मत आहे ते, बाळा," घडीवाली म्हणाली. "आबांनी दिलं आपल्यासाठी."

बाऊ झालेल्या बोटावर घालतात तशी पोरीने त्या शाईवर हळूच फुंकर घातली. आणि आबांना दिसली ती मतपेटी, अन् तिच्या तळाशी पडलेली, आपण हसत हसत टाकलेली कोऱ्या कागदाची घडी.