खांबाची सावली

पठारावर झाड म्हणून उरलं नव्हतं, तेव्हा ठकूबाई पवनचक्कीच्याच खांबाला टेकून बसली होती. त्याच्या लांबड्या सावलीत शेळ्या एकामागं एक, रांगेनं रवंथ करत होत्या.

उन्हातून चढ चढून दौलूतात्या आले. नव्या बारा चक्क्यांविरुद्धचा अर्ज त्यांनी पुढं केला. "अंगठा द्या, वहिनी."

"मागल्या वेळीबी दिला हुता की." तिनं शेळी ढकलून त्यांना जागा केली. त्या अर्जाचं पुढं काय झालं, ते गावाला कधी कळलंच नाही. पाती घेऊन आलेली लांब गाडी वळेना, म्हणून वळणावरचा म्हसोबाचा उंबर मात्र तुटला. त्याच्या सावलीत भाकरी सोडली, की पहिला घास बुंध्याशी ठेवायचा, ही इथल्या गुराख्यांची रीत.

ठकूबाईनं भाकरी सोडली. बोलता बोलता पहिला तुकडा मोडून खांबाच्या बुडाशी ठेवला.

तात्या बघतच राहिले. "वहिनी, ह्याला निवद?"

तिनं हात मागं घेतला. तुकडा उचलावा, की राहू द्यावा, कळेना.

"आणा तो कागद," ती दमून म्हणाली. "आनखी बारा आल्या, तर ह्यांनाच हात जोडाया लागंन मी."